मूठ, अंगठा आणि एक दुर्मीळ क्रियापद

गेल्या महिन्यातली गोष्ट. नात अभ्यासाला बसली होती आणि मी नेहमीप्रमाणे जवळच खुर्ची टाकून वर्तमानपत्र चाळत होतो. ती सातवीत आहे. तिच्यासमोर दोन गोष्टी पसरल्या होत्या, एक प्राण्यांवरचे रंगीत इंग्रजी पुस्तक आणि दुसरा इंग्रजीच्या सराव परीक्षेचा कागद. मधेच मान वर करून तिने विचारले, "आजोबा, माकडाच्या शेपटीचा आणि कॉम्प्रिहेन्शनच्या उताऱ्याचा काय संबंध?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. पुस्तकात दक्षिण अमेरिकेतल्या स्पायडर मंकीचे चित्र होते. या माकडाची शेपूट पाचव्या हातासारखी काम करते, फांदीला विळखा घालते आणि सगळ्या अंगाचा भार तोलते. अशा शेपटीला इंग्रजीत 'प्रीहेन्साइल' म्हणतात. परीक्षेच्या कागदावर 'कॉम्प्रिहेन्शन' असा मथळा होता, म्हणजे उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरे लिहा. दोन्ही शब्दांच्या पोटात एकच बी आहे, हे पोरीने हेरले होते. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग नुसता 'प्रीहेंड' असा शब्द असतो का हो?"

खरे सांगायचे तर मला माहीत नव्हते. साडेतीन दशके बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार केला. वाहनांच्या विम्याच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी तपासल्या, वरिष्ठांना आपली 'ॲप्रिहेन्शन्स' कळवली. पण उपसर्ग काढून टाकलेला नुसता 'प्रीहेंड' कधी लिहिल्याचे आठवेना. घरातल्या लहान कोशात तो नव्हता. दुपारी माळ्यावरून जाडजूड कोश खाली काढला तेव्हा त्यात सापडला. अर्थ साधाच होता, पकडणे, धरणे, हस्तगत करणे. शेजारी 'दुर्मीळ' अशी खूण होती. मुले-नातवंडे देशोदेशी जाऊन नावारूपाला यावीत आणि मूळ घरात म्हातारा एकटाच राहावा, तशी या क्रियापदाची स्थिती आहे.

मुलेबाळे मात्र किती! लॅटिनमध्ये 'प्रेहेन्देरे' म्हणजे हाताने धरणे. हा रोजच्या वापरातला शब्द पुढे फ्रेंचच्या तोंडी घासून गुळगुळीत झाला आणि नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात त्याचे गोतावळ्यासकट इंग्रजीत येणे सुरू झाले. 'प्रिझन' म्हणजे धरलेल्या माणसाला ठेवायची जागा. 'सरप्राइज' हा आज वाढदिवसाच्या केकवर बसणारा शब्द, पण त्याचा जुना अर्थ बेसावध शत्रूवर अचानक झडप घालणे असा आहे. 'एंटरप्राइज' म्हणजे हाती घेतलेले काम. आपणही काम 'हाती घेतो'च. 'ॲप्रेंटिस' म्हणजे धडा पकडू पाहणारा शिकाऊ. आणि 'ॲप्रिहेंड' तर एकटाच तीन नोकऱ्या करतो. पोलीस चोराला पकडतात तेव्हा तो असतो, मनाला एखादी गोष्ट उमजते तेव्हा असतो आणि पुढे काय वाढून ठेवले आहे या धास्तीने छातीत धडधडते तेव्हाही तोच असतो.

इंग्रजीतला 'गेट' हा अगदी घरगुती शब्दही याच कुळातला, दूरचा चुलत भाऊ, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इंग्रज माणूस एखादी गोष्ट कळली की ती आपल्याला 'मिळाली' असे म्हणतो. विसरणे यासाठी त्याच्याकडे 'फर्गेट' आहे. तोही 'गेट'पासूनच झालेला. हातात आलेले हातातून सुटले, की माणूस विसरला.

हे वेड एकट्या इंग्रजांचे आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडे वेदकाळापासून 'ग्रभ्' आणि मग 'ग्रह्' हा धातू आहे. अर्थ तोच, धरणे. इंग्रजीतल्या 'ग्रॅब'शी त्याचे नाते अभ्यासकांनी जोडलेले आहे. आपल्या घरात या धातूचा केवढा पसारा आहे पाहा. लग्नात पाणिग्रहण, पंगतीत आग्रह, गुरूकडून अनुग्रह, कपाटात पुस्तकांचा संग्रह, मनात पूर्वग्रह. सूर्याला लागते ते ग्रहण आणि वर्गात विद्यार्थी ज्ञान करतो तेही ग्रहण. पत्रिकेत माणसाला धरून बसतात ते ग्रह. आम्ही बँकवाले ज्याच्या नावाने पाट्या लावत असू, तो ग्राहकही मुळात 'घेणारा', 'धरणारा'च. 'आकलन' या शब्दाचीही तीच कथा. जुन्या मराठीत आकळणे म्हणजे आवरून धरणे, ताब्यात घेणे. जर्मन लोक समजण्याला 'बेग्रायफेन' म्हणतात, त्यातही मूळ अर्थ पकडण्याचाच आहे.

एकूण काय, माणसाला समजणे म्हणजे काय हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याने ठिकठिकाणी स्वतःच्या हाताकडे पाहिले. यात नवल नाही. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवा, ते घट्ट मूठ आवळते. त्याला अजून बोलता येत नाही, पण पकडता येते. जन्मजात असलेली ही पकड पाचसहा महिन्यांत ओसरते आणि मग हवे ते हवे तेव्हा धरणे मूल नव्याने शिकते. जॉन नेपियर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९५६ साली माणसाच्या हाताच्या पकडीचे दोन प्रकार सांगितले. एक जोराची पकड, हातोडा धरतो तशी. दुसरी नेमकी पकड, सुई किंवा लेखणी धरतो तशी. दुसऱ्या पकडीत अंगठा आणि बोटांची टोके समोरासमोर येतात. अंगठ्याचे महत्त्व त्यात आहे. या अंगठ्याकडे मी पुढे येणार आहे.

त्याआधी एका मुठीची गोष्ट सांगितली पाहिजे. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास अथेन्समध्ये झेनो नावाचा तत्त्वज्ञ चित्रांनी सजवलेल्या एका सार्वजनिक ओसरीत शिकवत असे. त्या ओसरीच्या ग्रीक नावावरूनच त्याच्या पंथाला 'स्टोइक' हे नाव पडले. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने झेनोच्या शिकवण्याची एक आठवण लिहून ठेवली आहे. झेनो शिष्यांपुढे उघडा पंजा धरी, बोटे सरळ. म्हणे, हे नुसते दिसणे. मग बोटे किंचित वाकवी. म्हणे, हा होकार. मग मूठ आवळी. म्हणे, हे आकलन. आणि शेवटी डाव्या हाताने ती उजवी मूठ घट्ट दाबून धरी आणि सांगे, हे ज्ञान, आणि ते फक्त शहाण्या माणसाजवळ असते.

मुठीच्या त्या पायरीला झेनोने जो ग्रीक शब्द वापरला त्याचा अर्थही पकड असाच होता. सिसेरोने तो लॅटिनमध्ये आणताना 'प्रेहेन्देरे'च्याच कुळातला शब्द निवडला. आमच्या नातीच्या परीक्षेच्या कागदावरचा 'कॉम्प्रिहेन्शन' हा त्या मुठीचा वारसा आहे.

झेनोच्या या चार पायऱ्यांत मला सर्वांत धोक्याची वाटते ती दुसरी. बोटे किंचित वाकलेली आहेत, होकार दिलेला आहे, आणि हातात अजून काहीच आलेले नाही. जगातले किती व्यवहार याच पायरीवर पुरे होतात!

नुसत्या 'प्रीहेंड'ला विसाव्या शतकात एक मोठा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड. बर्ट्रांड रसेलबरोबर गणिताच्या पायाभरणीचा प्रचंड ग्रंथ लिहिणारा हा गणिती १९२४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तत्त्वज्ञान शिकवायला अमेरिकेतल्या हार्वर्डला गेला. निवृत्तीच्या वयात नवे काम हाती घेणाऱ्यांविषयी मला साहजिकच आपुलकी आहे. १९२५च्या एका पुस्तकात त्याने 'ॲप्रिहेन्शन'चा पुढचा उपसर्ग सरळ कापून टाकला आणि 'प्रीहेन्शन' हा शब्द आपल्या विचाराच्या मध्यभागी बसवला. १९२९च्या 'प्रोसेस अँड रिॲलिटी' या ग्रंथात तो पुरता विस्तारला. व्हाइटहेडचे म्हणणे थोडक्यात असे, की जगातली प्रत्येक घटना आसपासच्या इतर घटनांना धरून घेते, आपल्यात सामावते, आणि त्यातूनच घडते. या धरण्यात जाणीव असेलच असे नाही. जाणिवेशिवायच्या या पकडीसाठी त्याला शब्द हवा होता.

व्हाइटहेडने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार दिवस छळते आहे. तो म्हणतो, धरणे दोन प्रकारचे असते. एक आत घेणारे आणि दुसरे बाजूला सारणारे, नकारार्थी. आणि जे आपण बाजूला सारतो तेही अगदी पुसले जात नाही. सारण्याच्या त्या कृतीचा काही ठसा आपल्या घडणीत राहतोच.

ठसा म्हटल्यावर मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आजवर ती कथेत-कादंबरीत कुठेही घातली नाही.

साल १९८६. मी नवा अधिकारी होतो, एका लहानशा तालुक्याच्या गावी शाखेत नेमणूक होती. एका शेतकऱ्याला विहिरीवर विजेची मोटार बसवण्यासाठी कर्ज मंजूर झाले. जामीनदार म्हणून त्याने आपल्या शेताशेजारच्या एका गृहस्थांना आणले. पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला मुंडासे, सही येत नव्हती. आम्ही त्यांना तात्या म्हणू लागलो. जामिनाचा कागद इंग्रजीत छापलेला होता. अशा वेळी अंगठ्याखाली अधिकाऱ्याने एक दाखला लिहायचा असतो, की मजकूर सदर इसमास त्याच्या भाषेत वाचून दाखविला, समजावून सांगितला, तो त्यास समजला व मान्य आहे.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. काउंटरसमोर ही गर्दी. मी म्हणालो, "तात्या, अंगठा द्या." त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठा मी माझ्या चिमटीत धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर डावीकडून उजवीकडे फिरवला. ठसा स्वच्छ उठला. खाली दाखला लिहिला, सही ठोकली. मजकूर वाचला नाही. समजावून सांगितला नाही. सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नसतील.

तीन वर्षांनी विहीर आटली, हप्ते थकले आणि कर्जदार कुटुंब घेऊन कामासाठी दूर निघून गेला. जामीनदाराला नोटीस गेली. मी अजून त्याच शाखेत होतो. तात्या नोटीस धोतराच्या सोग्यात बांधून आले. माझ्या टेबलाजवळ उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"सायेब, म्या तर वळख द्यायला आलतो. मानूस गावचाच हाय, नीट हाय, एवढंच सांगायला."

मी जामीन म्हणजे काय ते तेव्हा त्यांना समजावून सांगू लागलो. तीन वर्षे उशिरा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "त्या दिशी माजा अंगठा तुमीच धरला व्हता न्हवं?"

मी म्हणालो, "हो."

ते आणखी काही बोलले नाहीत. त्यांच्या आवाजात आरोप असता तर मला बरे वाटले असते. पुढे त्यांनी बैलजोडीतला एक बैल विकून पैसे भरले. कायद्याने सगळे ठीकच होते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पण त्याच कायद्यात, १८७२ सालापासून, कलम १३ देखील आहे. त्याचा आशय असा, की संमती झाली असे केव्हा म्हणायचे, तर दोन्ही पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाले असतील तेव्हा. तात्यांच्या मनात ओळख होती, आमच्या कागदावर जामीन होता. मधला पूल म्हणून ज्याला बसवले होते तो मी. माझ्या वरिष्ठांना हे मी सांगू शकलो असतो. सांगितले नाही. दाखल्याखाली सही माझी होती.

मला मराठीतला एक वाक्प्रचार तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला. 'गृहीत धरणे'. रोज वापरतो आपण. पण शब्द सुटे करून पाहा. गृहीत म्हणजे धरलेले, आणि धरणे तर धरणेच. धरलेले धरणे. झेनोच्या शेवटच्या पायरीसारख्याच यात दोन पकडी आहेत, मुठीवर मूठ. फरक एवढाच, की झेनोच्या मुठीत काहीतरी होते. तात्यांना समजले असेल असे मी गृहीत धरले होते. दोन्ही हात घट्ट, आणि आत काही नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक सवय पाळली. कागद मराठीत वाचून दाखवायचा आणि मग समोरच्याला म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा, मी काय वाचलं?" सुरुवातीला लोकांना हसू येई. रांग लांबे, सहकारी घड्याळाकडे पाहत. पण पाचसात वाक्यांत कळून चुके, की कोणाला काय उमगले आणि काय निसटले. काही जणांनी स्वतःच्या तोंडून जबाबदारीचे वाक्य उच्चारल्यावर शाईपर्यंत आलेला अंगठा मागे घेतला आणि राम राम करून निघून गेले. अशा दिवशी एक कर्ज कमी होई, पण घरी जेवण बरे जाई.

'प्रीहेंड' आणि 'कॉम्प्रिहेंड' यांत तफावत आहे ती 'कॉम्' या छोट्या उपसर्गाची. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सोबत', 'एकत्र'. व्याकरणाचे जाणकार सांगतील, की इथे तो 'पुरतेपणी' अशा अर्थाने आला आहे. त्यांचे बरोबर असेल. मी मात्र माझ्यापुरता तो 'सोबत' असाच वाचतो. एकट्याने धरले ते 'प्रीहेंड'. समोरच्यासोबत धरले, त्याचे टोक त्याच्या हातात आहे याची खात्री करून घेतली, ते 'कॉम्प्रिहेंड'.

समजण्यासाठी हाताचीच उपमा पुरते असेही नाही. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने १९६१च्या आपल्या कादंबरीत मंगळावरच्या भाषेतले म्हणून 'ग्रॉक' हे क्रियापद रचले. त्याचा शब्दशः अर्थ 'पिणे' असा त्याने ठेवला, आणि भावार्थ, एखादी गोष्ट इतकी आत मुरवणे की ती आणि आपण वेगळे उरू नये. संगणकवाल्यांनी तो उचलला, आणि २०२३ साली तर संवाद साधणाऱ्या एका यंत्रबुद्धीलाच ते नाव मिळाले. आपल्याला यात अप्रूप वाटायला नको. आपल्याकडे गोष्ट 'गळी उतरते', 'पचनी पडते', 'अंगी मुरते'. पण पाणी पिणारा आपल्यापुरते पितो. हाताचे तसे नसते. दुसऱ्याचा हात धरता येतो, आणि म्हणूनच हाताकडून चूकही मोठी होते.

शाईचा पॅड आता फारसा दिसत नाही. अंगठा मात्र आहे. गावोगावी बोटाचे ठसे वाचणारी छोटी यंत्रे आहेत. आपल्या खिशातल्या फोनवर पानेच्या पाने अटी येतात आणि खाली 'मी सहमत आहे' असा चौकोन असतो. आपण शिकलेसवरलेले लोक त्यावर त्याच अंगठ्याने टिचकी मारतो, एक ओळही न वाचता. परवा मी स्वतः मारली. आपला अंगठा धरायला समोर कोणी साहेब बसलेला नाही एवढेच. उद्या नोटीस आली तर विचारायचे कोणाला?

संध्याकाळी नातीला झेनोची मूठ करून दाखवली. माकडाची शेपूट फांदी धरते, बाळ बोट धरते आणि आपण उतारा धरतो, एवढे तिला लगेच पटले. 'प्रीहेंड' हा शब्द खरा आहे, पण कोणी वापरत नाही, हे ऐकून ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "उतारा झाला माझा. समजला."

मी म्हणालो, "छान. आता पुस्तक मिटून मला सांग, काय होतं त्यात?"

तिने सुरुवात झोकात केली. दुसऱ्या परिच्छेदापाशी अडखळली. थांबली, माझ्याकडे पाहून हसली, आणि कागद पुन्हा पुढे ओढून पहिल्या ओळीपासून वाचू लागली.